कडक पाटे

आमच्या गावच्या गाडीचा मागचा, धक्के झेलणारा कमानपाटा मे महिन्यात तुटला, तेव्हा गाडीत नऊ माणसं, चार पोती पीठ, एक शिलाई मशीन आणि इलारियोन लुपाची सासू एवढा ऐवज होता. सासूला मी माणसांत धरलेलं नाही, कारण ती त्या नऊ जणांना एकटी पुरून उरते. "खट्ट" असा आवाज झाला, गाडी डावीकडे कलली आणि सासूबाई म्हणाल्या, "मी आत बसताना तुटला नाही हं. उगीच माझ्यावर घालू नका."

मी खाली उतरले, तुटलेला पाटा तारेनं बांधला, आस आणि चासीच्या मधे लाकडाचा ओंडका ठोकला आणि बैलगाडीच्या चालीनं सगळ्यांना आमच्या गावी, पुका पाम्पाला आणून सोडलं. माझं नाव सेनोबिया युक्रा. बारा वर्षं मी उयुनी शहरातून परदेशी पाहुण्यांना मिठागर आणि लाल तळी दाखवत फिरवलं. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी आले. ती गेली, मी राहिले. गावच्या गाडीचा आधीचा ड्रायव्हर चिलीच्या खाणीत निघून गेला होता, म्हणून किल्ली माझ्या हातात आली.

गाडी एक आणि धंदे दहा. पीठ, गॅसच्या टाक्या, शाळेचे बाक तिच्यातून यायचे, किन्वाच्या धान्याची पोती तिच्यातून जायची. आणि कोणी आजारी पडलं की मागची बाकं दुमडायची, गादी अंथरायची, की झाली रुग्णवाहिका. उयुनीचं इस्पितळ एकशेतीस किलोमीटरवर. त्यातले शंभर तरी कालामिनाचे. छपराचा पत्रा जमिनीवर आडवा अंथरावा तसा तो रस्ता. वळीमागे वळी, वळीमागे वळी, दात हलेपर्यंत.

शाळेच्या पटांगणात सभा बसली. मधे चादरीवर कोकाची पानं, भोवती सगळा गाव. इलारियोन आमचा कारभारी. त्यानं आधी गालात पानं भरली, मग तोंड उघडलं.

"एकदाच काय ते कायमचं काम करून टाका. गाडी उंच करा, कडक करा. जानेवारीत नदीला पाणी आलं की आपण या काठावर आणि पीठ त्या काठावर, असं दरवर्षी होतं. वीस पोती घातली तरी बूड टेकता कामा नये."

दवाखान्यातली नर्स विल्मा चोके उठली. ती सुक्रेहून आमच्याकडे आलेली, अंगानं काटकुळी, पण आवाज घंटेसारखा. "आणि माझे पेशंट? त्यांना काय पोत्यात भरून नेऊ?"

"पेशंट काय, पडून असतो," इलारियोन म्हणाला. "पडलेल्या माणसाला कसला आलाय त्रास?"

लोक हसले. मी उभी राहिले आणि वडीलधाऱ्या बाप्याला म्हणतात तसं ताताय म्हणून सुरुवात केली. "ताताय, दोन्ही एका पाट्यात मिळत नाही. कडक पाटा ओझ्याखाली सुतासारखा सरळ चालतो आणि रिकाम्या गाडीत बकरीसारखा उड्या मारतो. मऊ पाटा माणसाला बरा, पण पोती घातली की बसतो. आधी ठरवा, ही गाडी कशासाठी आहे."

"सगळ्यासाठी," तीन-चार जण एकदम म्हणाले.

दोन तास त्यावर चर्चा झाली. एक म्हणाला, ट्रकचे पाटे बसवा. एकानं मोबाईलवर कुठल्याशा वाळवंटात उड्या मारणारी गाडी दाखवली. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती तो मला शॉकअप म्हणजे काय ते समजावून सांगत होता. शेवटी ठरलं की सेनोबियाला यातलं कळतं, तिनंच निवडावं. आणि मदतीला इलारियोननं सोबत जावं. "मदतीला" हा शब्द ऐकला तेव्हाच मी किल्ली फेकून घरी जायला हवं होतं.

उयुनीत बाजाराच्या मागे एक नवं दुकान झालं होतं. भिंतीवर लाल रंगाचे शॉकअप रांगेनं टांगलेले, जणू कसायाच्या दुकानातले सॉसेज. मालकाला सगळे इंजिनियर रोलांदो म्हणत. तो कुठे शिकला होता देव जाणे, पण घरात उन्हाचा चष्मा लावायचा. त्यानं इलारियोनचा हात हातात घेऊन दाबला आणि मला नुसती मान हलवली.

"ताताय, गाडी कोण चालवतं?"

"ही," इलारियोननं माझ्याकडे हनुवटी केली.

"अस्सं!" चष्मा नाकावर घसरला. "मग मामाय, तुम्हाला मी जरा हलका सेट दाखवतो. सहा पाट्यांचा, मऊ आहे. बायकांना फार उंच, फार कडक गाडी आवरत नाही. हात दुखतात, घाबरायला होतं. हा कसा, शहाण्या गाईसारखा चालतो."

आता खरं ते सांगते. त्यानं पुढे केलेला सेट आम्हाला हवा होता तसाच होता. थोडी पोती कमी घेतली असती तर विल्माचंही भागलं असतं आणि गावाचंही. मी तो हातात घेतला, पाट्यांची जाडी बोटानं पाहिली आणि मनात म्हटलंही, हाच बरा. पण "बायकांना" हा शब्द माझ्या कानात काचेच्या तुकड्यासारखा अडकला होता. बारा वर्षं मी बर्फातून, चिखलातून, पाच हजार मीटरच्या खिंडीतून गाडी काढली. ज्या ड्रायव्हरांची चाकं रुतायची त्यांना दोर बांधून ओढलं. आणि हा घरात चष्मा लावणारा मला गाय देतोय.

मी वर बोट केलं. "तो. नऊ पाट्यांचा."

"मामाय, तो खाणीच्या गाड्यांसाठी..."

"तोच. आणि चार इंच उंच करणारा."

इलारियोननं माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोललीस."

त्या शाबासकीवरूनच मला कळायला हवं होतं.

गाडी झाली मात्र देखणी. गावात शिरलो तर कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. पहिल्या खेपेला वीस पोती किन्वा घातला, गाडी इंचभर दबली, बस्स. कालामिनावरून अशी गेली की डॅशबोर्डवरचा चहा हलला नाही. इलारियोन शेजारी बसून वाटेत दिसेल त्याला हात करत होता.

मग पोती उतरवून रिकामी गाडी घेऊन परत निघालो. पहिल्या दहा किलोमीटरांत आरसा गळून पडला. मागचं चाक वळीवर टेकायचं कमी आणि हवेत राहायचं जास्त. वळणावर बूड भलतीकडेच जायचं. इलारियोननं दोन्ही हातांनी टोपी धरली होती. "नवे आहेत," तो म्हणाला. "बसतील." मीही तेच म्हणाले. "बसतील."

ते बसले नाहीत. शिवाय चार इंच उंचीचं नवंच लचांड झालं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या एकावर एक चार-चार पोय्येरा, म्हणजे घेरदार घागरे, नेसतात. त्यांचा पाय पायरीपर्यंत जाईना. मग बिअरच्या बाटल्यांचा क्रेट पायाखाली ठेवायचा, एकीनं वरून ओढायचं, दुसरीनं खालून ढकलायचं. इलारियोनच्या सासूला चढवायला तिघं लागायची. "मला गाडीत बसवताय की कपाटावर ठेवताय?" ती वरून ओरडायची. बायका माझ्याकडे बघून तोंडावर शाल घ्यायच्या. मी स्टेअरिंगकडे बघत बसायचे. दुकानात काय झालं ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं, विल्मालाही नाही. तिला सांगितलं, "दुसरा सेट नव्हता."

ऑगस्टमध्ये, वाऱ्याच्या दिवसांत, आन्सेल्मो बेर्ना लोकरीसाठी पाळलेल्या लामांच्या कोंडवाड्याच्या दगडी भिंतीवरून पडला. हा माझा पाद्रिनो, माझ्या बाप्तिस्म्याला मला हातात धरणारा. वय एक्काहत्तर. बोलायचा इतका कमी की त्याची बायको जिवंत असताना म्हणायची, लामा तरी थुंकून दाखवते, हा तेवढंही करत नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. पाय बाहेरच्या अंगाला वळून पडला होता. विल्मानं दुखण्यावरचं इंजेक्शन दिलं, फळीला पाय बांधला, आणि सकाळी सातला आम्ही निघालो. मी पुढे, मागे गादीवर पाद्रिनो, त्याच्या डोक्याशी विल्मा.

गादी बरोबर मागच्या आसाच्या वर येते. दुसरीकडे जागाच नाही.

कालामिनावर दोनच चाली असतात. एक तर सत्तरनं जायचं, म्हणजे चाकं वळ्यांच्या नुसत्या माथ्यांवरून सरकत जातात. नाही तर पंधरानं, एक-एक वळी मोजत. मी आधी सत्तर केलं. मागून विल्माची किंकाळी आली. गाडी आडवी सरकली आणि दोघं एका अंगाला जाऊन आदळली. पंधरावर आले. आता प्रत्येक वळी खालून हातोडा मारल्यासारखी लागू लागली. ठक, ठक, ठक. मी उतरून चाकांतली निम्मी हवा सोडली. थोडा फरक पडला. थोडाच.

"त्यांना विचार," मी म्हटलं, "कसं वाटतंय."

"विचारायला कशाला हवं?" विल्मा म्हणाली. "ओठ चावून रक्त काढलंय त्यांनी."

बावीस किलोमीटर झाले असतील. तास होऊन गेला होता. मागून पाद्रिनोचा आवाज आला. आवाज मोठा नव्हता, रागाचाही नव्हता.

"थांब, पोरी."

मी थांबले. दार उघडलं. त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता.

"मला इथे उतरव," तो म्हणाला. "वाऱ्याच्या आडोशाला ठेव. काय व्हायचं ते इथेच होऊ दे. पुढं नको."

"पाद्रिनो, अजून शंभर किलोमीटर..."

"म्हणूनच सांगतोय."

मी दार लावलं आणि गाडीला वळसा घालून मागच्या चाकाशी गेले. ते पाटे बघितले. नऊच्या नऊ, काळेभोर, एकावर एक, जराही न वाकलेले. कसे छाती काढून उभे होते! मी बुटानं त्यांना लाथ मारली. एक, दोन, पाच. मला येतात तेवढ्या शिव्या दिल्या. क्वेचुआ संपल्यावर स्पॅनिशमध्ये दिल्या. रोलांदोला दिल्या, इलारियोनला दिल्या, आणि मग ज्या बाईनं वर बोट करून "तोच" म्हटलं होतं तिला दिल्या. पायाचं बोट सुजलं, पाटे तसेच.

विल्मा खाली उतरली. "झालं? आता काय करायचं ते सांग. माझ्याकडे एकच इंजेक्शन उरलंय."

"पोती असती तर ही गाडी लोण्यासारखी गेली असती," मी म्हणाले. रागानंच म्हणाले, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून.

विल्मानं माझ्याकडे पाहिलं. मग रस्त्याच्या कडेला पाहिलं. तिथे कोरडा ओढा होता, वाळूनं भरलेला.

"पोती आहेत," ती म्हणाली. "रिकामी. बाकाखाली."

बारा पोती होती आणि एक फावडं. विल्मानं पोत्याचं तोंड धरायचं आणि मी भरायचं. चार हजार मीटरवर वारा सुटलेला असताना वाळू भरून बघावी माणसानं. अर्धी फावड्यावरून उडून डोळ्यांत जायची. तिसऱ्या पोत्याला विल्मा खाली बसली, पाचव्याला मी. भरलेलं पोतं दोघींनी उचलून गाडीत टाकायचं, आणि गाडी तर मी चार इंच उंच करून ठेवलेली. दर पोत्याला ते चार इंच मी मोजले. दोन्ही बाजूंना, पायाशी, दाराजवळ, पाद्रिनोला मधे ठेवून आम्ही पोती रचली. तो डोळे मिटून पडला होता. एकदा डोळे उघडून म्हणाला, "पुरताय का मला?"

"बोलू नका, ताताय," विल्मा म्हणाली.

"नाही, विचारलं आपलं."

दीड तास त्यात गेला. गाडी खाली बसली. मी सावकाश क्लच सोडला. पहिली वळी आली, दुसरी आली. ठक असा आवाज होता, पण तो दूरचा वाटत होता, शेजारच्या घरात कोणी कांडत असावं तसा. मी पंचवीसवर नेली. मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती. बऱ्याच वेळानं विल्मा म्हणाली, "चालू दे. अशीच चालू दे."

उयुनीला पोचलो तेव्हा दुपार उलटली होती. इस्पितळानं फोटो काढले आणि पोतोसीला पाठवायचं ठरवलं, तिकडे हाडांचा डॉक्टर होता. मी इथल्या डॉक्टरला गाठलं. "वाटेतल्या धक्क्यांनी जास्त मोडलं का?"

तो बरा माणूस होता. हातातला फोटो त्यानं दोनदा पाहिला. "पडताना किती मोडलं आणि नंतर किती, ते फोटोत दिसत नाही," तो म्हणाला.

म्हणजे हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. ते उत्तर घेऊन मी एकशेतीस किलोमीटर परत आले. वाळू गाडीतच होती.

पुढच्या सभेत मीच विषय काढला. इलारियोन कोका चघळत ऐकत होता. "म्हातारा माणूस, हाड मोडलेलं, दुखणारच," तो म्हणाला. "पाट्यांचा काय दोष? पोचलात ना?"

"वाळू घालून पोचलो."

"मग घालत जा वाळू. ओढ्यात काय तोटा आहे तिला?"

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी गाडी पटांगणात आणली, वाळूची पोती एकेक करून बाहेर फेकली, गादी अंथरली आणि दार उघडून उभी राहिले.

"या, ताताय. झोपा."

"म्हणजे?"

"पेशंट पडून असतो, त्याला कसला त्रास, तुम्हीच म्हणाला होतात. चॅपेलपर्यंत सहा किलोमीटर, आणि परत. झोपा."

तो इकडेतिकडे बघू लागला. सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. त्यानं टोपी नीट केली, क्रेटवर पाय ठेवला आणि एखाद्या बिशपसारखा आत जाऊन आडवा झाला.

पहिला किलोमीटर तो सूचना देत होता. डावीकडून घे, खड्डा आहे, जरा दमानं. दुसऱ्याला गप्प झाला. चौथ्याला छपरावर मुठी आपटू लागला. मी थांबले नाही. चॅपेलला वळसा घातला आणि आले तशीच परत आले. मी मुद्दाम जोरात नेली असं तो आजही सांगतो. तीसनं नेली. रोज नेते तशी.

दार उघडलं तर टोपी एका कोपऱ्यात आणि कारभारी दुसऱ्या. तो हातांपायांवर रांगत बाहेर आला, कंबर धरून दगडावर बसला आणि म्हणाला, "बरी आहे की."

"मग अजून एक फेरी मारा," विल्मा म्हणाली.

त्याची सासू पुढे आली. वाकून तिनं त्याचा चेहरा न्याहाळला. "अगं बाई, जावयाचं तोंड बघा! दहिवरात ठेवून पायानं तुडवलेल्या बटाट्यासारखं झालंय. बदला रे ते पाटे, नाही तर माझी लेक विधवा होईल."

हात वर झाले. पाटे बदलायचे ठरले. मला वाटलं, चला, सुटलो. तेवढ्यात किन्वावाल्यांतला एक म्हणाला, "पण वीस पोती बसली पाहिजेत हं." दुसरा म्हणाला, "आणि उंची कमी करायची नाही, नदी आहे." "आणि म्हाताऱ्यांना चढता आलं पाहिजे," विल्मा म्हणाली. सगळ्यांनी पुन्हा हात वर केले. मी किल्ली मुठीत इतकी आवळली की तळव्यावर तिचे दात उमटले.

यावेळी मी एकटीच गेले. मदतीला कोणी नको, म्हणून निक्षून सांगितलं. रोलांदोच्या दुकानात शिरले आणि म्हटलं, हे परत घ्या, मऊ सेट द्या.

"लागलेला माल परत घेत नाही," तो म्हणाला. मग चष्मा काढून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "मामाय, मी तर तुम्हाला आधी मऊच दाखवला होता."

त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मी भांडले असते. पण टोमणा नव्हता. तो खरंच बुचकळ्यात पडला होता. बाहेर येऊन मी बाजारात मक्याची गरम, जांभळी आपी प्यायले. जीभ भाजली.

आपीवाली बाई म्हणाली, रेल्वेच्या यार्डामागे तिबुर्सियो नावाचा म्हातारा पाटे ठोकतो, ट्रकवाले त्याच्याकडे जातात. मी गेले. पत्र्याची शेड, भट्टी, भिंतीला टेकवलेले शेकडो गंजके पाटे. म्हाताऱ्याच्या एका कानाला ऐकू येत नव्हतं. मी गाडी दाखवायला लागले तर त्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही.

"महिन्यात किती दिवस भरलेली चालते?"

"माएस्त्रो, वीस पोती..."

"पोती विचारली नाहीत. दिवस विचारले."

मी आठवायला लागले. हा प्रश्न मी कधी स्वतःला केला नव्हता. सभेत कोणी केला नव्हता, दुकानात तर नाहीच. बोटं मोजली. "चार. फार तर पाच."

"आणि बाकीचे पंचवीस?"

"रिकामी. नाही तर माणसं."

"मग पाच दिवसांसाठी पंचवीस दिवस मार का खाता?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता जॅक आणायला गेला.

दोन दिवस लागले. नऊपैकी चार पाटे त्यानं काढून टाकले. उरलेले पाच भट्टीत घालून त्यांची कमान थोडी थोडी उतरवली. मग त्यांच्या खाली दोन जाड, सरळ पाटे असे बसवले की गाडी रिकामी असताना ते वरच्यांना टेकतच नाहीत. मधे बोटभर फट. ओझं आलं की वरचे दबतात, फट मिटते आणि खालचे दोघं खांदा देतात. लाल शॉकअपही त्यानं काढून माझ्या हातात दिले. "हे नऊ पाट्यांच्या मापाचे. आता हेच धक्के देतील." एका मोडीतल्या गाडीचे साधे, राखाडी रंगाचे बसवले. ते बसवताना मला खाली झोपवलं आणि प्रत्येक बोल्ट माझ्याकडून आवळून घेतला. "उद्या मी नसेन," तो म्हणाला.

गाडी दोन इंच खाली आली. परतताना कालामिनावर मी चाळीसनं आले आणि एका जागी थांबून नुसती बसून राहिले. रिकाम्या गाडीत आरसा जागच्या जागी होता. चार महिन्यांत पहिल्यांदाच.

गावात इलारियोननं टेप आणून उंची मोजली. दोन इंच कमी भरली म्हणून आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. किन्वावाल्यांनी वीस पोती घातली, गाडीचं बूड जरा खाली गेलं, त्यांनी मान हलवली. म्हाताऱ्यांना अजून क्रेट लागतो, पण ढकलायला एकच पुरते. कोणी छान म्हणालं नाही. बारा वर्षं पाहुण्यांना फिरवलं तेव्हा उतरताना आभाराचं "ग्रासियास" तरी म्हणायचे.

पाद्रिनो ऑक्टोबरच्या शेवटी पोतोसीहून बसनं उयुनीला आला. हातात काठी, उजवा पाय दोन बोटं आखूड. मी त्याला घ्यायला गेले होते. आदल्या दिवशी गाडी धुतली होती, चाकांची हवा मोजली होती. तो पुढे माझ्या शेजारी बसला, काठी गुडघ्यांत धरली. इस्पितळाबद्दल विचारलं तर म्हणाला, "सूप पातळ होतं."

कालामिना सुरू झाला. त्यानं सांगावं म्हणून वाट बघत होते. पहिले दहा किलोमीटर तो खिडकीतून बाहेर बघत होता. वीसला मी हळूच म्हटलं, "पाद्रिनो, पाटे बदलले."

वळून पाहिलं तर मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून हा झोपलेला. मला भयंकर राग आला. त्या वाळूच्या दिवसापासून मी या एका माणसाच्या एका शब्दासाठी थांबले होते. त्याला उठवावं म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. तो थेट पुका पाम्पापर्यंत घोरत आला. ऐंशी किलोमीटर कालामिना, आणि एकदाही जागा झाला नाही.

घराशी थांबले तेव्हा त्यानं डोळे उघडले. "आलं?" म्हणाला, काठी टेकत उतरला आणि घरात न जाता सरळ कोंडवाड्याकडे गेला. भिंत पुतण्यानं पुन्हा रचली होती. तिचा वरचा दगड काठीनं हलवून त्यानं पुतण्याला तिथूनच झापायला सुरुवात केली. पोतोसीच्या दोन महिन्यांत बोलला नसेल एवढं बोलला.

मी गाडी वळवून घरी आणली. परवापासून मागच्या डाव्या बाजूला एक बारीक करकर ऐकू येते आहे. बुश बदलला, यू-बोल्ट आवळले, ग्रीस भरलं. विल्मा म्हणते तिला ऐकू येत नाही. मला येते. आज सकाळपासून गाडीखाली आहे, अजून सापडलेली नाही.